पाऊस नसताना आलेला हिवताप : दिरे दावा, 2022

दिरे दावा हे पूर्व इथिओपियातलं, आदिस अबाबाहून जिबूतीला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं मोठं शहर. उंची सुमारे 1,200 मीटर, हवा कोरडी. मधून जाणाऱ्या देचातू नदीच्या पात्रात वर्षातला बराच काळ नुसती वाळू असते. हिवताप इथे नवा नव्हता, पण आवाक्यात होता. 2019 च्या अख्ख्या वर्षात 205 रुग्ण नोंदले गेले होते. 2022 मध्ये जानेवारी ते मे या पाच महिन्यांतच हा आकडा 2,400 च्या पुढे गेला.

आकडा मोठा होताच, पण जाणत्यांना खटकले ते महिने. या भागात मुख्य पाऊस जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो. मार्च-एप्रिलमध्ये थोड्या सरी येतात. आफ्रिकेतला हिवताप पावसाच्या मागून चालतो, कारण तिथला नेहमीचा वाहक डास ॲनोफिलिस अरेबिएन्सिस डबक्यांत, गुरांच्या खुरांनी पडलेल्या खळग्यांत, उघड्यावरच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. डबकी आटली की त्याची संख्या कोसळते आणि रुग्णही घटतात. दिरे दावात डबकी आटलेली असताना रुग्ण वाढत होते. शिवाय साथ शहराच्या आत होती, विद्यापीठाच्या वसतिगृहातही शिरली होती. आफ्रिकेत शहर म्हणजे हिवतापापासून तुलनेने सुरक्षित जागा, असा आजवरचा अनुभव होता.

संशयित कोण, हे तोवर उघड झालं होतं. 2012 मध्ये जिबूती शहरात ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा टाक्या-पिंपांतल्या साठवणीच्या पाण्यात वाढणारा आशियाई डास पहिल्यांदा सापडला. त्या वर्षी जिबूतीत हिवतापाचे 27 रुग्ण होते. 2020 मध्ये 73,000 च्या वर. इथिओपियात हा डास 2016 मध्ये केब्री देहार इथे सापडला, पुढे दिरे दावासह अनेक शहरांत. तरीही 'डास आहे' आणि 'रुग्ण वाढले' या दोन गोष्टी शेजारी मांडल्याने पहिल्यामुळे दुसरी झाली असं सिद्ध होत नाही. त्याच काळात कीटकनाशकांचा परिणाम कमी झाला असेल, लोकांची ये-जा वाढली असेल, औषध चालेनासं झालं असेल, किंवा तपासणी वाढल्याने रुग्ण जास्त दिसले असतील. हा गुंता सोडवण्याचं काम आदिस अबाबातल्या आर्माउअर हान्सेन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ फित्सुम ताडेसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल ते जुलै 2022 मध्ये, साथ चालू असतानाच केलं.

तपासाची रचना

साथ आली की आरोग्य खातं सहसा रुग्णांची यादी करतं, नकाशावर ठिपके मांडतं आणि जिथे ठिपके दाट तिथे फवारणी करतं. त्यातून रुग्ण कुठे आहेत ते कळतं. ते तिथेच का आहेत, ते कळत नाही. त्यासाठी तुलनेला दुसरा गट लागतो.

इथे तो गट फार विचारपूर्वक निवडला होता. दवाखान्यात ताप घेऊन आलेल्या आणि हिवताप निघालेल्या सुमारे शंभर जणांना घेतलं. त्यांच्या तुलनेला त्याच दवाखान्यांत ताप घेऊन आलेले, पण हिवताप न निघालेले लोक. तुलनेचा गट घरोघरी जाऊन निवडला असता तर दवाखान्यापर्यंत येणारा आणि न येणारा यांच्यातला फरक निकालात मिसळला असता. जवळ राहणारा, पैसे असलेला, तापाला घाबरणारा माणूस दवाखान्यात जास्त येतो. दोन्ही गट एकाच दारातून आत आले की हा फरक बऱ्यापैकी गळून पडतो.

मग दोन्ही गटांतल्या लोकांच्या घरी जायचं. घरातल्या आणि शेजारच्या घरांतल्या माणसांचं, वसतिगृह असेल तर सोबत राहणाऱ्या मुलांचं, ताप असो वा नसो, रक्त तपासायचं. घराच्या आसपास पाणी कुठे साठवलंय ते बघायचं, अळ्या काढायच्या, विसावलेले प्रौढ डास पकडायचे. एकेका तापाच्या रुग्णामागे एवढं काम असतं. ते तापाच्या दिवसापासून थोड्याच दिवसांत उरकावं लागतं, नाहीतर शेजारी औषध घेऊन मोकळे होतात आणि पिंपं रिकामी होऊन पुन्हा भरली जातात.

अशा तपासात प्रवासाचा प्रश्न टाळून चालत नाही. गेल्या महिन्याभरात बाहेरगावी मुक्काम होता का, कुठे, किती रात्री, हे नेमकं विचारावं लागतं. 'प्रवास केला का?' असं मोघम विचारलं की लोक 'नाही' म्हणतात, कारण शेतावर किंवा नातेवाइकांकडे जाऊन राहणं त्यांच्या लेखी प्रवास नसतो. बाहेरून ताप घेऊन आलेला रुग्ण स्थानिक यादीत शिरला की त्याच्या घराजवळचं पिंप विनाकारण दोषी ठरतं, किंवा खरं दोषी पिंप निर्दोष सुटतं.

पुरावा कसा जुळत गेला

पहिली गोष्ट जवळिकीची. फॅल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीची लागण रुग्णांच्या घरांत आणि शेजारात एकवटलेली आढळली. ताप असूनही हिवताप नसलेल्या लोकांच्या आसपास ती तशी नव्हती. संसर्ग बाहेरून विखरून येत असता, तर असे घोस दिसले नसते.

दुसरी गोष्ट पाण्याची. ज्या घरांच्या परिसरातल्या साठवणीच्या पाण्यात स्टीफेन्सी होता, तिथे हिवतापाची लागण सापडण्याची शक्यता 3.4 पट होती. पकडलेल्या प्रौढ ॲनोफिलिसपैकी सुमारे 97 टक्के स्टीफेन्सी निघाले. अरेबिएन्सिस जवळजवळ नव्हताच.

इथे एक बारकावा आहे, आणि आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यांत शिकण्यासारखा भाग तोच आहे. आज दवाखान्यात आलेल्या रुग्णाला लागण आजच्या डासाने केलेली नसते. डास चावल्यापासून ताप यायला साधारण 9 ते 14 दिवस. त्याआधी त्या डासाच्या पोटात परजीवी तयार व्हायला, 27-28 अंश तापमानात, दहा-बारा दिवस. त्याआधी अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस. म्हणजे ज्या पाण्यातून तो डास निघाला ते पाणी जवळपास महिन्यापूर्वीचं. मग आज पिंपात सापडलेल्या अळीचा आणि आजच्या तापाचा संबंध जुळतोच कसा? तो जुळतो, कारण पिंप तिथेच असतं. डबकं आज आहे, महिन्यापूर्वी नव्हतं, पुढच्या महिन्यात नसेल. साठवणीचं पिंप वर्षभर त्याच कोपऱ्यात, त्याच अर्धवट झाकणासह उभं असतं. आजची अळी त्या घराची सवय दाखवते. पावसावर जगणाऱ्या वाहकाच्या बाबतीत हाच तपास केला असता, तर इतका ठळक संबंध कदाचित दिसला नसता.

तिसरी गोष्ट डासाच्या पोटातली. पकडलेल्या स्टीफेन्सींमध्ये स्पोरोझोइट, म्हणजे माणसाला लागण करणारी अवस्था, सापडली. डास नुसता हजर नव्हता, लागण पसरवायला सज्ज होता. या पायरीवर चुका फार होतात. स्पोरोझोइट शोधायला सहसा एलिसा चाचणी वापरतात. गुराढोरांचं रक्त पिणाऱ्या डासांमध्ये ही चाचणी खोटी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते, आणि स्टीफेन्सी तर जनावरांच्या गोठ्यात हमखास विसावतो. म्हणून पॉझिटिव्ह आलेला नमुना 100 अंशांवर 10 मिनिटं गरम करून पुन्हा तपासायचा असतो. खोटं सकारात्मक उत्तर उष्णतेने जातं, खरं टिकतं. शिवाय पीसीआरने खातरजमा करायची. शहरी स्टीफेन्सीत स्पोरोझोइट असलेल्या डासांचं प्रमाण बहुधा अगदी कमी, कितीदा एक टक्क्याच्याही आत असतं. पन्नास डास तपासून काही सापडलं नाही म्हणून त्याला निर्दोष ठरवणं ही घाई आहे.

चौथी गोष्ट परजीवीची. वेगवेगळ्या रुग्णांमधल्या फॅल्सिपेरमची जनुकीय ओळख काढली तेव्हा ते एकाच वंशाचे निघाले. म्हणजे ठिकठिकाणाहून वेगवेगळे परजीवी आलेले नव्हते. एकच कूळ शहरातल्या शहरात हातोहात फिरत होतं.

या चारपैकी कुठलीही एक गोष्ट एकटी पुरेशी नव्हती. चारही एकाच जागी आल्यावर आफ्रिकेतल्या शहरी साथीमागे स्टीफेन्सी असल्याचा तोवरचा सर्वांत भक्कम पुरावा उभा राहिला.

न दिसणारा परजीवी

त्या एकाच कुळाच्या परजीवीत दोन वाईट गुण होते, आणि साथ इतकी वाढायला त्यांचाही हातभार लागला असणार.

एक, त्यात एचआरपी-2 या प्रथिनाचं जनुक गळालेलं होतं. बाजारातली बहुतेक रॅपिड किटं फॅल्सिपेरम ओळखायला हेच प्रथिन शोधतात. जनुकच नसेल तर रक्तात परजीवी असूनही पट्टीवर रेघ उमटत नाही. रुग्णाला 'हिवताप नाही' म्हणून घरी पाठवतात, तो आठवडाभर डासांना परजीवी पुरवत राहतो. दोन, त्यात केल्च-13 जनुकात आर६२२आय नावाचा बदल होता, जो आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या मुख्य औषधाने परजीवी सावकाश मरण्याशी जोडलेला आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा. जिथे ही शंका आहे तिथे ताप आहे आणि किट निगेटिव्ह आहे अशा रुग्णाच्या रक्ताची सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची काचपट्टी काढलीच पाहिजे, आणि ती त्याच दिवशी वाचली गेली पाहिजे. काचपट्टीवर फॅल्सिपेरम दिसतोय, एचआरपी-2 ची रेघ नाही, पण एलडीएच या परजीवीच्या दुसऱ्या प्रथिनावर आधारलेली रेघ येतेय, असा नमुना वेगळा काढून गाळणीच्या कागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवायचा. हे जनुक नसल्यामुळे सुटणाऱ्या रुग्णांचं प्रमाण 5 टक्क्यांवर गेलं की किटच बदलावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. उपचारात आर्टेमिसिनिनच्या संयुक्त गोळ्यांसोबत प्रायमाक्विनची एकच छोटी मात्रा, किलोला 0.25 मिलिग्रॅम, दिली की रक्तातल्या डासाला लागण करणाऱ्या अवस्था निकामी होतात. गर्भवती आणि सहा महिन्यांच्या आतलं मूल यांना ती देत नाहीत. ही गोळी ताप उतरवत नाही, म्हणून अनेकदा द्यायची राहून जाते. साथीत मात्र शेजाऱ्याला वाचवते ती हीच.

हा डास आपल्या ओळखीचा आहे

ॲनोफिलिस स्टीफेन्सी हे नाव विज्ञानाला मिळालं ते वऱ्हाडातून. ग्लेन लिस्टन यांनी 1901 मध्ये एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूरच्या डासांवरून या जातीचं वर्णन केलं. पुढे लिस्टन मुंबईत परळच्या जीवाणू प्रयोगशाळेत आले. मुंबईत हिवतापाचा वाहक हाच आहे, हे 1908 च्या सुमारास दिसून आलं. गोद्यांची बांधकामं जोरात होती, मजूर येत होते आणि फोर्ट भागात हिवताप वाढत होता. चार्ल्स बेंटली यांना खास तपासासाठी नेमलं गेलं. त्यांचा अहवाल 1911 मध्ये आला.

बेंटली यांचं उत्तर विहिरी असं होतं. विहार तलावाचं नळाचं पाणी 1860 पासून शहरात येत असलं तरी घरोघरच्या विहिरी आणि टाक्या तशाच होत्या. त्या बुजवा किंवा डास शिरणार नाही अशा बंद करा, हा उपाय कागदावर सोपा होता. पण पारशी, हिंदू, जैन कुटुंबांना धर्मकार्यासाठी विहिरीचं पाणी लागे, आणि विरोध मोठा झाला. तोडगा म्हणून काही विहिरींवर पक्कं छत घालून पाणी काढण्यापुरतं बारीक तारजाळीचं दार ठेवू दिलं गेलं. पुढे 1928 मध्ये गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईची पुन्हा पाहणी केली, तेव्हा विहिरींइतकाच इमारतींवरच्या टाक्यांचा आणि कारखान्यांतल्या साठवणीचा प्रश्न समोर आला होता.

दिरे दावाच्या पिंपाला आणि फोर्टातल्या विहिरीला जोडणारा धागा एकच आहे : पाण्याचा भरवसा नसला की माणूस पाणी साठवतो. नळ रोज पुरेसा वेळ येत असता तर पिंप ठेवायला कोणी जागा दिली नसती. म्हणून 'पाणी साठवू नका' हा सल्ला अशा शहरात कुचकामी आहे. 'साठवा, पण डासाला दिसणार नाही असं साठवा' एवढंच मागता येतं.

अळीपर्यंत पोचायचं कसं

स्टीफेन्सी आहे का, हे पाहायला आफ्रिकेत अनेक पथकांनी सुरुवातीला नेहमीचे दिव्याचे सापळे लावले. त्यांत तो फारसा अडकत नाही. प्रौढ डास हवे असतील तर पहाटे गोठे, शेळ्यांचे आडोसे, पाण्याच्या टाक्यांच्या सावल्या इथे बॅटरीच्या शोषक यंत्राने धरावे लागतात. त्याहून भरवशाचा मार्ग अळ्यांचा. टाकीच्या काठाला डाव (पळी) हळूच तिरका टेकवायचा; जोरात बुडवला किंवा सावली पडली की अळ्या तळाशी जातात. गेल्या तर दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा. ॲनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. डेंग्यूच्या एडिसची अळी डोकं खाली करून तिरकी लटकते. दोघी एकाच पिंपात सापडतात, म्हणून 'डेंग्यूच्या अळ्या आहेत' एवढं लिहून फॉर्म बंद करू नये.

जात ओळखताना आणखी एक चूक होते. आफ्रिकेतल्या जुन्या ओळखतक्त्यांत स्टीफेन्सी नव्हताच. तक्ता पायरीपायरीने वाचत गेलं की तो तिथल्याच एखाद्या जातीच्या नावाने नोंदला जाण्याचा धोका असतो. अळ्या जिवंत ठेवून प्रौढ करायच्या आणि त्यातल्या काहींचा पाय किंवा पंख पीसीआरला पाठवायचा, ही पायरी सोडू नये.

दिरे दावासारख्या शहरात पाहायच्या जागा : सिमेंटच्या जमिनीवरच्या आणि जमिनीखालच्या टाक्या, लोखंडी व प्लास्टिकची पिंपं, बांधकामावर खड्ड्यात प्लास्टिक अंथरून साठवलेलं पाणी. मुंबई-पणजीत यांच्या जोडीला गच्चीवरच्या टाक्या, लिफ्टचा खड्डा, तळघरात साचलेलं पाणी आणि स्लॅबवर क्युरिंगसाठी बांध घालून ठेवलेलं पाणी. गोव्यात 1980 च्या दशकाच्या मध्यावर हिवताप उसळला तो बांधकामांच्या आगेमागेच.

झाकण, मात्रा, आठवडा

सगळ्यात टिकाऊ उपाय झाकण, आणि सगळ्यात जास्त फसतो तोही झाकणच. पिंपावर पत्र्याचा तुकडा किंवा फळी ठेवली की घरच्यांना वाटतं झाकलं. डासाला दोन बोटांची फट पुरेशी असते, उलट झाकणामुळे आत अंधार आणि गारवा मिळतो. झाकण काठाच्या बाहेरून खाली उतरणारं हवं. कापड किंवा जाळी वापरली तर छिद्रं दीड मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत आणि ती रबराच्या पट्टीने घट्ट बसवलेली हवी. प्लास्टिकचा कागद ताणून न बांधता टाकला तर तो मधे झोळतो, त्यावर पाणी साचतं, आणि आता दोन ठिकाणी अळ्या. मोठ्या टाक्यांत झाकणाइतकाच ओव्हरफ्लोचा आणि हवेचा पाइप महत्त्वाचा. तिथे जाळी नसेल तर कुलूपबंद झाकण निरुपयोगी. मुंबईत 1888 च्या महापालिका कायद्याच्या कलम 381 खाली डासांची पैदास होईल असं पाणी ठेवल्याबद्दल नोटीस देता येते. टाकीपर्यंत पक्की शिडी असावी हा आग्रहही तिथला जुना, आणि तो योग्य आहे. जिथे तपासनीस चढू शकत नाही ती टाकी यादीत 'पाहिली' म्हणून राहते आणि डास काढत बसते.

जे झाकता येत नाही तिथे अळीनाशक. टेमेफॉसचे 1 टक्का दाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम या वरच्या मर्यादेपर्यंत चालतात. हिशेब सोपा आहे : 100 लिटरला 10 ग्रॅम दाणे. 200 लिटरच्या भरलेल्या पिंपाला 20 ग्रॅम, 1,000 लिटरला 100 ग्रॅम. चौकोनी टाकीत लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजून गुणायची आणि 1,000 ने गुणायचं. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, 80 सेंटिमीटर पाणी म्हणजे 1,200 लिटर, दाणे 120 ग्रॅम. गोल टाकीत व्यासाचा वर्ग गुणिले 0.785 गुणिले खोली. एक मीटर व्यास, 1.2 मीटर पाणी म्हणजे 942 लिटर, दाणे 94 ग्रॅम. मात्रा आत असलेल्या पाण्यावर ठरवायची. अर्ध्या पिंपात पूर्ण पुडी टाकली तर मर्यादा ओलांडते, वास येतो, आणि घरची बाई पाणी ओतून देते. तिने ओतलं यात तिची चूक नाही.

'एक चमचा टाका' ही सूचना सर्रास दिली जाते आणि तिथेच मात्रा बिघडते, कारण चमचे वेगवेगळे असतात. आधीच वजन करून 20 ग्रॅमच्या कापडी पुरचुंड्या बांधून नेल्या, तर कामही झटपट होतं आणि पुरचुंडी आत आहे की काढून फेकली, ते पुढच्या फेरीत दिसतं. रोज उपसून रोज भरल्या जाणाऱ्या पिंपात औषध झपाट्याने पातळ होत जातं. छापील मुदतीवर विसंबू नये, अळ्या पुन्हा दिसल्या का यावरच फेरी ठरवावी. जीवाणूपासून बनलेलं बीटीआय पाण्याला व माणसाला निर्धोक, पण त्याचा परिणाम साधारण आठवड्याच्या आसपास ओसरतो, आणि कोषावस्थेतला डास खातच नसल्यामुळे त्याच्यावर होत नाही. फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी कोष दिसले म्हणून औषध निकामी ठरवू नये, आणि कोष न मोजता 'अळ्या मेल्या' म्हणून निश्चिंतही होऊ नये. मासे कायम पाणी असणाऱ्या टाक्यांत आणि विहिरींत चालतात. गोव्यात परदेशी माशाऐवजी तिथलाच ॲप्लोकायलस ब्लोकी हा छोटा मासा बीटीआयच्या जोडीने वापरून पाहिला गेला. पिंपात मासे टिकत नाहीत. लोक बादली बुडवतात तेव्हा ते जातात.

फेरी आठवड्याची का, याचं उत्तर अंड्यापासून डास व्हायला लागणाऱ्या, वर दिलेल्या आठ-दहा दिवसांत आहे. दहा दिवसांनी येणारं पथक सुरेख काम करूनही डासांच्या मागेच राहतं. पिंप सात दिवसांतून एकदा पूर्ण रिकामं करून वाळू देणं घरच्यांनाच जमण्यासारखं आहे. एडिसची अंडी कोरड्या भिंतीला चिकटून महिनोनमहिने टिकतात, म्हणून तिथे घासणंही लागतं. स्टीफेन्सीची अंडी तशी टिकत नाहीत. अर्थात जिथे नळच आठवड्याने येतो, तिथे हा सल्ला देणाऱ्याने आधी पाणीखात्याशी बोलून घ्यावं.

मच्छरदाणी आणि भिंतींवरची फवारणी ही आफ्रिकेतली दोन मोठी शस्त्रं इथे अर्धीच चालतात. स्टीफेन्सी संध्याकाळपासूनच चावू लागतो, जेव्हा माणसं अंगणात असतात. तो भिंतींपेक्षा गोठ्यात, टाकीच्या आडोशाला जास्त विसावतो. आणि इथिओपियातल्या स्टीफेन्सीत मच्छरदाण्यांवर वापरल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड औषधांना प्रतिकार आढळला आहे. मच्छरदाण्या काढून घ्याव्यात असा याचा अर्थ नाही. खेड्यांत अरेबिएन्सिस आहेच. पण शहराचं बजेट त्यांवरच संपलं, तर पिंपं तशीच राहतात.

हे टिकतं का?

मुंबईचा अनुभव दोन्ही बाजूंनी बोलका आहे. 2010 मध्ये शहरात हिवतापाचे 76,755 रुग्ण नोंदले गेले, 145 मृत्यू झाले. त्यानंतर टाक्यांची तपासणी, बांधकामांवर नजर आणि मजुरांची रक्ततपासणी यांवर जोर दिला गेला, आणि 2018 ते 2020 या वर्षांत वार्षिक रुग्ण पाच हजारांच्या आसपास आले. पुढे ते पुन्हा वाढले. म्हणजे स्टीफेन्सी शहरातून हाकलला गेलेला नाही. शंभर वर्षांत कधीच गेला नाही. त्याला दाबून ठेवता येतं, आणि दाबणारा हात सैल झाला की काही महिन्यांत तो दिसू लागतो.

आफ्रिकेत धोका मोठा आहे तो याचमुळे. हा डास पसरला तर तिथल्या शहरांतले 12 कोटी 60 लाख लोक धोक्यात येतील, असा अंदाज 2020 मधल्या एका अभ्यासाने मांडला. सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना या देशांत तो सापडला आहे. सप्टेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला रोखण्यासाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला.

दिरे दावासारख्या शहराने यापुढे दर महिन्याला नोंदवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. तपासलेल्या दर शंभर पाणीसाठ्यांपैकी किती जागी ॲनोफिलिसच्या अळ्या होत्या, त्यातल्या किती ठिकाणी कोष होते, आणि पथकाला किती टाक्यांपर्यंत पोचताच आलं नाही. हा तिसरा आकडा बहुतेक अहवालांत नसतो. रुग्णांच्या बाजूने : बाहेरगावी न गेलेल्या, शहरातच लागण झालेल्या रुग्णांची वेगळी संख्या, आणि किट निगेटिव्ह पण काचपट्टी पॉझिटिव्ह असे किती. ही नोंद पावसाळ्यात सगळेच ठेवतात. या डासासाठी ती जानेवारी ते मे या महिन्यांत, रस्ते कोरडे आणि दवाखाने निवांत असताना, न चुकता ठेवावी लागते.